गेटवरचा भोंगा

"वहिनी, हे कुठं उतरवू?"

महेश टेम्पोच्या फळीवर उभा राहून मला विचारत होता. माझ्या एका हातात नारळ, दुसऱ्या हातात हिरव्या बांगड्यांचा डबा आणि अर्धा गजरा मानेवर लोंबत होता.

"माझ्या डोक्यावर उतरव," मी म्हणाले. "तेवढीच जागा शिल्लक हाय."

खी खी करून हसला मेला. त्याच्या टेम्पोत माणसाच्या उंचीचे दोन बेसचे स्पीकर उभे होते, काळेभोर, कडेनं निळ्या लायटीच्या पट्ट्या. सातपूरला महेशचा डीजे वाजला की मांडणीवरची भांडी नाचतात. तेच बेस त्यानं आमच्या लेकीच्या, रोहिणीच्या लग्नात आहेर म्हणून आणले होते. आणि सोबत, कुणी न सांगता, आणखी एक स्पीकर, आमच्या भाषेत बॉक्स.

आता बॉक्सचा आहेर म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल बाईचं डोकं फिरलंय. आम्ही साऊंडवाले. आमचे हे, म्हणजे मल्हारी, यांची 'रोहिणी साऊंड सर्व्हिस'. साखरपुडा असो, सप्ता असो, शाळेचं गॅदरिंग असो, माईक आणि बॉक्स यांचे. तर आमच्यातली रीत अशी, की साऊंडवाल्याच्या घरी लग्न निघालं की बाकीचे साऊंडवाले साडी-टॉवेल घेऊन येत नाहीत. आपला बॉक्स घेऊन येतात. तो लग्नात वाजला की आहेर पोचला. न वाजता तसाच टेम्पोत परत गेला, तर तो माणूस पुढं चौकात भेटला तरी तोंड फिरवून जातो. माझ्या चुलत दिराच्या लग्नात एकाचा बॉक्स राहिला होता. तो अजून आमच्याकडे चहाला येत नाही.

रीत फार गोड आहे हो, पण निस्तरायची कुणी? साड्या कितीही आल्या तरी कपाटात एकीवर एक बसतात. बॉक्सचं तसं नसतं. एक या कंपनीचा, दुसरा हातानं ठोकलेला, एक आठ ओहमचा, एक चार ओहमचा, कुणी दांडगा, कुणी किरकोळ. ते सगळे एका लग्नात वाजवायचे म्हणजे ॲम्प्लिफायरशी त्यांची जोड बसवावी लागते.

ही ओहमची भानगड मला माहीत आहे, कारण मी सातपूरला एका वर्कशॉपमध्ये ट्रान्सफॉर्मरची कॉईल गुंडाळते. पण शेजारणींना मी माझ्या पद्धतीनं सांगते. ॲम्प म्हणजे चुलीपुढं भाकरी थापणारी बाई, आणि बॉक्स म्हणजे पंगतीला बसलेली माणसं. आठ ओहमवाला सावकाश जेवतो, चार ओहमवाला दुप्पट वेगानं हाणतो. बाईच्या हाताला झेपतील तेवढीच ताटं मांडायची. जास्त मांडली तर बाई तापते, आणि फारच झालं तर तवा उतरवून सरळ उठून जाते. ॲम्प उठून गेला की लाल दिवा लागतो आणि सगळीकडे चिडीचूप. उलटंही होतं. बाई दांडगी आणि जेवणारा एकच म्हातारा असला, तर खाऊन खाऊन म्हाताऱ्याचंच पोट फुटतं.

यांना हे सगळं झोपेतही करता येतं. पण आज यांना ते करायचं नव्हतं. खरं सांगायचं तर आज यांना बॉक्सच्या मागं पाऊल टाकायला बंदी होती, आणि बंदी रोहिणीनं घातली होती.

झालं असं, की साखरपुड्याच्या आधी आम्ही मायलेकी जुने फोटो काढून बसलो होतो. बालवाडीतलं फुलपाखरू रोहिणी, चौथीतली कोळीण रोहिणी, दहावीत बक्षीस घेणारी रोहिणी. बघता बघता ती थांबली.

"आई, एकाही फोटोत बाबा नाहीत गं."

"अगं, होते ना सगळीकडे. बॉक्सच्या मागं होते."

"तेच म्हणते मी. मी नाचले तेव्हा बॉक्सच्या मागं. बक्षीस घेतलं तेव्हा बॉक्सच्या मागं. माझं नाव पुकारलं त्यांच्या माईकवरून, आणि ते खाली बसून वायरीला टेप गुंडाळत होते."

हे कोपऱ्यात बसून चहा पीत होते. पोरगी उठली आणि त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली. रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते ना, तिथं सुई बघून रडणाऱ्या मोठमोठ्या माणसांना दटावायची सवय झालीय तिला.

"बाबा, माझ्या लग्नात तुम्ही पुढं उभं राहायचं. मी गाडीत बसेपर्यंत बॉक्सच्या मागं जायचं नाही. कबूल?"

"कबूल."

"आईची शपथ?"

"माझी कशाला?" मी म्हणाले. "मला मारून तुमचे फोटो काढणार का?"

"कबूल बाई, कबूल," हे म्हणाले.

"आणि माईकवर दोन शब्द बोलायचे."

"ते नाय जमायचं." यांनी कप खाली ठेवला. "मी माईकवर काय बोलू? मला हॅलो चेक सोडून काय येत नाय."

हे मात्र खरं होतं. सगळ्या जगाच्या हातात माईक दिला या माणसानं, पण स्वतः त्यात फक्त 'हॅलो, चेक' म्हणाला. आणि तेही मोठ्यानं नाही.

रोहिणी एवढीशी होती तेव्हा त्या चेकमध्ये तिचंही काम असायचं. बॉक्स लावून झाले की हे तिला मैदानाच्या पार टोकाला पाठवायचे. माईकवर म्हणायचे, "हॅलो, चेक. पोचतोय का?" आवाज नीट पोचला की तिनं हात वर करायचा. फ्रॉक घातलेलं ते चिमुरडं धावत जायचं, थांबायचं, कान टवकारायचं, आणि मग हात असा ताठ वर. मग आणखी लांब जायचं. पुन्हा हात वर. तिचा हात वर झाल्याशिवाय यांनी कधी कुठला कार्यक्रम सुरू केला नाही.

तर, लग्नाच्या दिवशी. पाथर्डी फाट्याजवळचं लॉन होतं, मुहूर्त दुपारचा. हे उजाडायच्या आत तिथं जाऊन बसले. म्हणाले, शपथ लागू व्हायच्या आत जोडणी उरकून घेतो. महेशचे बेस आणि दोन टॉप, म्हणजे बारीक सुराचे बॉक्स, स्टेजला, मोठ्या ॲम्पवर. तेवढ्यावर त्या ॲम्पची पंगत भरली. नाशिकरोडच्या राजूभाऊंची जोडी जेवणाच्या मंडपात, लहान ॲम्पवर. बाकीच्यांचे कुणाचे पार्किंगकडे, कुणाचे वरपक्षाच्या खोल्यांकडे. शिवाय स्टेजमागं एक ॲम्प रिकामा. ती यांची सवय, कुठल्याही कामाला एक रिकामा ॲम्प सोबत. सगळं लावून झालं, मिक्सरवर महेशला बसवलं आणि म्हणाले, "आजचा दिवस तू. मला हाक मारायची नाय."

हे हात धुतात न धुतात तोच गेटमध्ये एक पिकअप शिरली. पुढच्या सीटवरून काठी टेकत मोतीरामकाका उतरले. लासलगावचे. यांनी पहिली वायर सोलली ती त्यांच्या हाताखाली. काका आता थकलेत, धंदा बंद करूनही बरीच वर्षं झाली. त्यांच्या पिकअपमध्ये एक लोखंडी भोंगा होता, कर्ण्यासारखा पसरट, आणि पोत्यात गुंडाळलेला त्यांचा जुना ॲम्प.

महेश बघायला आला आणि त्याला हसूच आवरेना.

"काका, हे तर कांदा मार्केटातलं. लग्नात काय भाव पुकारायचा का?"

काकांनी पोतं परत ॲम्पवर ओढून घेतलं. मला इतकं कसंतरी झालं की महेशच्या पाठीत एक घालावीशी वाटली.

"असं करू मल्हारी," काका हळूच म्हणाले, "राहू दे गाडीतच. मी आपला तांदूळ टाकायला आलोय."

"गाडीत कसा राहील?" हे म्हणाले. "तुमच्या भोंग्याबिगर माझ्या पोरीचं लग्न लागायचं का? गेटवर लावू. वरात आत येताना पहिला आवाज तुमचा."

"मग मोठ्या ॲम्पवरून वायर ओढतो," महेश म्हणाला. त्याला आता जरा ओशाळल्यासारखं झालं होतं. "जोरात वाजंल."

"नाय. दोन मिनिटांत त्याचा पडदा फाटंल. त्याला त्याचाच ॲम्प. मिक्सरमधून वेगळी लाईन काढून दे."

भोंगा गेटच्या कमानीवर चढला. काका खुर्ची टाकून त्याच्याखाली आपल्या ॲम्पजवळ बसले, चौकीदारासारखे. आणि थोड्या वेळानं जानोरीहून वरात आली. नवरा मुलगा स्वराज, त्याच्या घरची गुलाबाची शेती. त्यांनी अक्षतांसाठी पाकळ्यांच्या टोपल्याच्या टोपल्या आणल्या होत्या. अख्खं लॉन घमघमायला लागलं.

आता मुलीच्या आईची गंमत सांगते. आमच्याकडे मुलीच्या आईनं मंगलाष्टका बघायच्या नसतात. लेकीवर अक्षता पडताना आईनं पाठ करून तुळशीला पाणी घालत बसायचं. लहानपणापासून माहीत होतं, पण आपल्यावर पाळी आली की कळतं. वाढवली मी, नटवली मी, आणि ऐन वेळी मीच बघायचं नाही! कुणी काढली असेल ही रीत, तो भेटला पाहिजे एकदा.

लॉनवाल्यानं तुळशीची कुंडी ठेवली होती ती नेमकी स्टेजच्या डाव्या अंगाला, बॉक्सच्या मागं. मी पैठणी सावरत, हातात तांब्या घेऊन तिथं जाऊन बसले. पुढं पडदा, त्याच्यामागं बॉक्सच्या पाठी, जमिनीवर वायरींचा पसारा. या माणसानं जन्मभर लग्नं बघितली ती इथून. नवरा-नवरी कधी दिसली नाहीत, दिसल्या त्या लाकडी फळ्या आणि हिरवे दिवे. मला एकदम भरून आलं. पण मी स्वतःला म्हटलं, छाया, रडायचं ते गाडी निघताना, आत्ता काजळ लावलंय.

गुरुजींनी पहिली मंगलाष्टका उचलली. आवाज असा भरून आला की तांब्यातलं पाणी थरथरलं. 'सावधान' झालं, बेसनी दणका दिला, टाळ्या, शिट्ट्या, पाकळ्या.

आणि खट्. सगळं बंद.

माझ्यासमोर मोठ्या ॲम्पवर लाल दिवा. बाई तवा उतरवून उठून गेली होती.

गुरुजींना काही कळलं नसावं, ते डोळे मिटून दुसरी मंगलाष्टका म्हणत होते. स्टेजवरून आवाज नाही. आणि तेवढ्यात लांबून, गेटकडून, खणखणीत, जरासा नाकातला, पण शब्द न् शब्द स्पष्ट, गुरुजींचा आवाज यायला लागला. मोतीरामकाकांचा भोंगा! त्याचा ॲम्प वेगळा, त्याला काय धाड भरली होती? नवरा-नवरी स्टेजवर आणि लग्न लागतंय गेटवर! मागच्या रांगेतल्या निम्म्या माणसांनी तोंडं गेटकडे फिरवली. कुणीतरी तर पाकळ्याही तिकडेच उधळल्या.

मी दोन बॉक्सच्या फटीतून बघितलं. लेकीकडे नाही बघितलं, रीत पाळली. मी बघितलं यांच्या पायांकडे. नवे कोरे बूट, आणि उजवा बूट स्टेजच्या पायरीवर आला होता. मला माहीतच होतं. या माणसाला लाल दिवा पुढून दिसत नाही, पण वास येतो. आणखी एक पायरी, की हे पडद्याच्या मागं आणि पोरगी अंतरपाटाशी एकटी. पुन्हा सगळे फोटो बापाबिगरचे.

रोहिणीनं मला नंतर सांगितलं, तिनं मान वळवली नाही, फक्त डोळे गच्च मिटून घेतले. तिला वाटलं, गेले बाबा.

"अहो!" मी फटीत तोंड घालून ओरडले. "पाय खाली टाकाल तर खबरदार!"

बूट थबकला.

"छाया, मोठा ट्रिप झाला. लोड—"

"मला दिसतंय. मी हाय इथं. तुम्ही तिकडं तोंड करा!"

बूट तसाच पायरीवर राहिला. मग हळूच मागं गेला, पुन्हा वर, स्टेजवर. माझा जीव भांड्यात पडला आणि मी तांब्या खाली ठेवला. पैठणीचा पदर खोचला, निऱ्या वर ओढल्या आणि बसले उकिडवी. शास्त्र सांगतं आईनं बघायचं नाही, पाठ करून बसायचं. पाठ करून बॉक्स दुरुस्त करू नये असं कुठं सांगितलंय?

मागं अंधार होता. मोबाईल पर्समध्ये, पर्स खोलीत. चाचपडतेय तोवर मागून उजेड पडला. बघते तर विहीणबाई! स्वराजची आई, सुमनबाई. गळ्यात हार, हातात मोबाईलची बॅटरी. काय झालं बघायला धावत आल्या होत्या.

"अहो विहीणबाई," त्या म्हणाल्या, "तुळशीला पाणी घालताय का करंट?"

"दोन्ही," मी म्हणाले. "धरा उजेड इकडं. आणि तुम्ही जा हो, तुमच्या मुलावर अक्षता पडतायत."

"पडू देत. तुम्ही नाही बघत ना, मग मीही नाही बघत." आणि नऊवारीतली ती बाई माझ्याशेजारी धप्पकन बसली. त्या क्षणी मला कळलं की माझी पोरगी चांगल्या घरात चालली आहे.

आधी ॲम्प बंद केला. मग एकेक वायर बघत गेले. यांनी लावलेली वायर मी डोळे मिटून ओळखते. जोडाला काळी टेप, आणि टेपचं टोक दुमडून ठेवलेलं, सोडवताना सापडावं म्हणून. पण बॉक्सच्या पाठीवर तशा वायरींच्या जोडीला आणखी वायरी होत्या. पहिली निळी. निळी म्हणजे महेश. त्यानं तो न सांगता आणलेला बॉक्स गुपचूप स्टेजच्या ॲम्पला टाचला होता. दुसरी पिवळी. तिच्या मागं मागं गेले तर फुलांच्या कमानीआड राजूभाऊंचा बॉक्स! जेवणाच्या मंडपातली जोडी फोडून एक इकडे आणून लपवला होता. आपला आहेर भाजी-भातापाशी वाजतोय आणि महेशचा नवरीपाशी, हे त्यांना सहन झालं नसणार.

"ही सगळी तुमची नातेवाईक मंडळी का?" सुमनबाईंनी विचारलं.

"नातेवाईकच म्हणायची. शहाणी असती तर परकी म्हटली असती."

आणि तिसरी वायर. तिच्या जोडाला काळी टेप होती, टोक दुमडलेली.

मी थांबलेच. ती वायर शेवटच्या बॉक्सच्या पोटाखालून गेली होती, आणि तिथं, पडद्याच्या कोपऱ्यात, एक लहानसा प्लायवूडचा डबा होता. एक कोपरा उंदरानं कुरतडलेला. त्याच्यावर पिवळ्या रंगानं हातानं लिहिलं होतं, 'रोहिणी'. पोरगी झाली त्या वर्षी यांनी घरात बसून बनवलेला पहिला बॉक्स तो. मीच म्हटलं होतं, तो नका आणू, लग्नात बरा दिसत नाही. बरं म्हणाले होते. आणि जगाला ओहम शिकवणारा हा माणूस, भरलेल्या पंगतीत स्वतःच चोरून एक ताट मांडून बसला होता. बापाचाही आहेर असतोच ना!

मला हसू यावं की रडू, काही समजेना. मी तोंडावर पदर धरला.

"काय झालं हो?" सुमनबाई घाबरल्या.

"काय नाय. घरचा चोर सापडला."

तिकडे भोंग्यावर चौथी मंगलाष्टका सुरू झाली होती. वेळ नव्हता. निळी वायर मी उपटून टाकली. महेशचे दोन बेस वाजणार होतेच, त्याला तेवढा मान पुष्कळ झाला. राजूभाऊंचा बॉक्स आणि आमचा डबा, दोघे आठ-आठ ओहमचे. दोघांना मिळून त्या रिकाम्या ॲम्पवर घातलं. त्याला पंगत बेताची झाली, एकाचंही पोट फुटायचं भय नाही. आवाजाची वायर एका ॲम्पमधून दुसऱ्यात लावली. मोठ्या ॲम्पचा आवाज शून्यावर आणला आणि बटण दाबलं.

लाल. लालच.

"पेटंना का?" सुमनबाई माझ्या कानाशी कुजबुजल्या.

"तापलीय. जरा दम खाऊ दे बाईला."

आम्ही दोघी त्या दिव्याकडे बघत बसलो. सुमनबाईंनी हातातल्या विड्याच्या पानानं ॲम्पला वारा घातला. शपथेवर सांगते, घातला! गुरुजी शेवटच्या मंगलाष्टकेवर आले. लाल दिवा विझला. हिरवा लागला. मी आवाजाचं बटण हळूहळू फिरवत नेलं, आणि गुरुजींचा स्वर गेटवरून उठून स्टेजवर आला, बेसमध्ये उतरला, टॉपमध्ये चढला, राजूभाऊंच्या बॉक्समधून आला, आणि माझ्या गुडघ्याजवळच्या त्या कुरतडलेल्या डब्यातूनही आला. मी त्याच्या जाळीवर हात ठेवला. आत थरथर जाणवत होती.

'सावधान!' झालं आणि लॉन दणाणलं. कुणाचाही आहेर मुका राहिला नव्हता. सुमनबाईंनी मला मिठी मारली आणि माझ्या काळ्या हातांचे ठसे त्यांच्या नऊवारीवर उठले. त्यांनी ते अजून धुतले नाहीत म्हणतात, पण त्या थोडं वाढवून बोलतात.

मी पडद्याबाहेर आले तेव्हा महेश समोर उभा होता. मी निळी वायर त्याच्या गळ्यात हारासारखी घातली. तो बिचारा सरळ गेटकडे गेला आणि मोतीरामकाकांच्या पाया पडला.

"काका, आज भाव तुमचाच," म्हणाला.

काकांनी त्याच्या डोक्यावर टपली मारली. मग स्वतःच्या ॲम्पवरून हात फिरवला आणि इकडेतिकडे बघत राहिले, सगळ्यांनी ऐकलं ना म्हणून. ऐकलं होतं की! रस्त्यावरचे रिक्षावालेसुद्धा भोंगा ऐकून आत आले होते आणि जेवूनच गेले.

फोटो झाले. प्रत्येक फोटोत हे. हार घालताना हे, सप्तपदीत हे, जेवताना रोहिणीच्या तोंडात जिलबी कोंबताना हे. फोटोग्राफर म्हणाला, काका जरा बाजूला व्हा, फक्त जोडीचा घेतो, तर रोहिणीनं यांचा कोट धरून ठेवला.

"काय हो," मी यांना हळूच विचारलं, "तो डबा कुणी लावला?"

"कुठला डबा?" म्हणाले, आणि फेटा सारखा करायला लागले.

सगळ्यांनी आग्रह केला, बोला दोन शब्द. माईक पुढं आला. यांनी तो हातात घेतला, बघितला, वायर नीट आहे का तेही बघितलं, आणि गुरुजींकडे दिला. लोक हसले. रोहिणीही हसली, पण मला आईला कळतं, तिची ती एक इच्छा राहिली.

उन्हं कलली. टेम्पो भरायला लागले. महेशचे बेस गेले, राजूभाऊंची जोडी पुन्हा एक होऊन गेली. पाठवणीची वेळ झाली तेव्हा लावलेला राहिला होता तो फक्त कमानीवरचा भोंगा. मोतीरामकाका खुर्चीतून उठले नव्हते ना.

रोहिणी माझ्या गळ्यात पडून रडली. मीही रडले, काजळ-बिजळ सगळं वाहून गेलं. मग ती यांच्या गळ्यात पडली. यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिला गाडीत बसवलं, तिचा शालू आत घेतला, दार लावलं. आणि दार लागल्याबरोबर हा माणूस वळला आणि तरातरा चालत निघाला. कुठं? मिक्सरकडे!

मला असा संताप आला.

"अहो! आत्ता? पोरगी चाललीय आणि तुम्हाला वायरी गोळा करायच्यात?"

"गाडीत बसली ती," हे न थांबता म्हणाले. "शपथ संपली."

मी मागं धावले. गाडी गेटमधून बाहेर पडली, सर्व्हिस रोडला लागली, इंदिरानगरच्या बोगद्याच्या दिशेनं. पुढं गर्दी होती, हळूहळू सरकत होती. यांनी माईक उचलला. बटण सरकवलं. घसा खाकरला, तो खाकरा भोंग्यातून रस्त्यावर गेला आणि मोतीरामकाका ताठ उभे राहिले.

"हॅलो," हे म्हणाले. "हॅलो, चेक."

गाडी पुढंच चालली होती.

"रोहिणी." आवाज फाटला होता, पण भोंग्याला फाटका आवाज चालतो. ट्रॅक्टरच्या गोंगाटातून पोचायला बनवलेला तो. "रोहिणी, पोचतोय का?"

लांब गेलेल्या गाडीची काच खाली झाली. हिरव्या बांगड्यांनी कोपरापर्यंत भरलेला एक हात बाहेर आला आणि ताठ वर झाला.

गाडी बोगद्याकडे वळेपर्यंत तो हात तसाच वर होता. मग दिसेनासा झाला. यांनी माईक बंद केला, वायर काढली आणि कोपराभोवती गुंडाळायला घेतली. मी दुसरं टोक धरलं.